तुमच्या शर्टाचा जळका वास

अहो, शेवटचं एकदा विचारते. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून सोडलेली सिगरेट तुम्ही पुन्हा धरली होती की नव्हती?

हसू नका. तुमचा चौदावा होऊन पाच दिवस झाले. पाहुणे कराडला परत गेले, मंजू कॉलेजला गेलीय आणि मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून तिच्या जुन्या वहीत हे लिहितेय. गेलेल्या माणसाबद्दल लोक चांगलं लिहितात. तुम्ही चांगलेच होतात, ते लिहायला मला वही कशाला हवी? मला उत्तर हवंय. गेल्या हिवाळ्यात छातीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तुम्हाला विचारलं, "बीड़ी-सिगरेट?" तुम्ही तोंड उघडायच्या आत मीच बोलून गेले, "छुप-छुपके पीते हैं, डॉक्टर साहब. सोलह साल से." त्यांनी ते कागदावर लिहिलं, सिगरेट बंद करा म्हणाले आणि पुढचा पेशंट बोलावला. काय काम करता, कुठे करता, काही विचारलं नाही. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. रागाने पाहिलं असतंत तर मला चाललं असतं. तुम्ही नुसतं पाहिलंत आणि बाहेर आल्यावर म्हणालात, "पाणी दे जरा."

त्या कागदावर मी लिहायला लावलं ते खरं की खोटं, एवढंच मला कळू दे. 

माझा स्वभाव संशयी, हे काय आज कळतंय का तुम्हाला? लग्न होऊन मी कराडहून इतक्या लांब, उत्तरेत, बख्शी का तालाब गावातल्या क्वार्टरमध्ये आले, तुम्ही तेव्हा वायुदलात गाडी चालवायचात. पहिल्याच दिवशी शेजारीण म्हणाली, "आइए, तशरीफ़ लाइए, आपका ही घर है." मी घाबरलेच. कराडला आमच्याकडे 'ये बस' म्हणतात आणि पाट सरकवतात. इतकं गोड बोलतेय म्हणजे हिला काहीतरी हवं असणार! पुढे तीच बाई माझ्या बाळंतपणाला रात्रंदिवस उभी राहिली, तरी वर्षभर मी तिला साखरेची वाटी मोजून दिली. दूधवाल्याच्या म्हशीपुढे मी उभी राहायची. सब्जीवाल्याच्या तराजूचं पारडं उलटं करून बघायची. तुम्ही मला सीआयडी म्हणायचात, चारचौघांत, आणि मलाही ते जरा आवडायचं.

नोकरी संपल्यावर गावी जायचं सोडून तुम्ही सरोजिनी नगरला घर घेतलंत आणि कानपूर रोडवरच्या त्या ब्रेकच्या दुकानात लागलात. पेन्शन आहे, मग कशाला हवंय, असं मी म्हणाले. तुम्ही म्हणालात, "इतकी वर्षं गाडी पळवली. आता थांबवायची कशी ते शिकतो." मला वाटलं, पठ्ठ्याला घरात बसायचं नाही, म्हणून हे सगळं.

त्या वर्षीची खंडेनवमी आठवते का? कशाला विसराल म्हणा! आपल्याकडे हत्यारं-अवजारं पूजतात, इथे तुमची सायकल सोडून पुजायला होतं काय? मी ती खाली अंगणात धुतली, पुसली आणि खोबरेल तेलाने अशी चोळली की नव्या नवरीसारखी लकाकली. हँडल, साखळी, चाकांच्या रिमा, ब्रेकचे रबरसुद्धा. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, आणि तुम्ही निघालात. चौकात म्हैस आडवी आली, तुम्ही दोन्ही ब्रेक दाबलेत, आणि सायकल काही ऐकेना. थेट टोमॅटोच्या ठेल्यात. ठेलेवाला हाराकडे बघून म्हणाला, "वाह बाबूजी, पूजा अपनी, और चढ़ावा हमारा!" तुम्ही शर्टभर टोमॅटो घेऊन घरी आलात. मला वाटलं, आता ओरडा बसणार. तुम्ही मला मोरीपाशी बोलावलंत.

"हात घास एकमेकांवर," म्हणालात. मी घासले. "गरम लागतात?" लागत होते. मग हातावर खोबरेल ओतलंत. "आता घास." हात नुसते सुळसुळ सरकले, गरम होईनात. "बघ. रबर रिमला धरून घासतो, म्हणून चाक अडतं. चाकाचा पळायचा जोर घासण्यात जातो आणि त्याची ऊब होते. तेल घातलंस की घासणं गेलं. घासणं गेलं की थांबणं गेलं." मग साबणाच्या पाण्याने तुम्ही रिमा धुतल्यात, रबरांवर पॉलिश पेपर मारलात, आणि मी कधी नव्हे ते गप्प बसून बघत राहिले. त्यानंतर जानेवारीत धुकं पडलं की तुम्ही मुद्दाम तळहात घासायचात आणि माझ्या कानांवर ठेवायचात. मला ते फार आवडायचं. एकदाही बोलले नाही. उलट म्हणायची, "पुरे, मंजू बघतेय."

छावणीतल्या रिकाम्या रस्त्यांवर तुम्ही मला सायकल शिकवलीत, बत्तीस वर्षांच्या बाईला. साडीचा काष्टा मारून. तेव्हापासूनचं आपलं भांडण अजून मिटलेलं नाही. तुम्ही म्हणायचात, पुढचा ब्रेक दाबायला शीक. मी म्हणायची, मला तोंडावर पाडायचंय का? मी कायम मागचाच दाबला. तुम्ही समजावून थकलात. "अगं, बस थांबते तेव्हा तू पुढे जातेस की मागे? पुढे ना? तसंच वजनही पुढे येतं. पुढचं चाक रस्त्याला घट्ट दाबलं जातं, म्हणून थांबवायचं खरं काम तेच करतं. मागचं उचलून हलकं झालेलं असतं, त्याला दाबलंस तर ते नुसतं फरफटतं. दोन्ही दाब, हळूहळू वाढवत." माझं काय, पालथ्या घड्यावर पाणी. पुढच्या ब्रेकवर माझा विश्वासच नव्हता. तुम्ही एकदा चिडून म्हणालात, "जे तुला सांभाळतं त्याच्यावरच तुझा नेमका संशय!" मी त्यावर दोन दिवस बोलले नाही.

आणि मग वास यायला लागला.

दुकानातून आलात की तुमच्या शर्टाला जळका वास असायचा. करपल्यासारखा, नाकाच्या मुळाशी बसणारा. आता तुम्ही वायुदलात असताना दिवसाला दहा ओढायचात, हे मला माहीत होतं. मंजूच्या बारशाला तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवून सोडलीत. कोण सोडतं हो असं एका दिवसात? मी शर्टाच्या कॉलरला नाक लावायची, खिसे उलटे करायची. पाकीट नाही, काडेपेटी नाही, पण बडीशेप आणि वेलची! झालं. वास लपवायलाच ना बडीशेप? मग खोकला सुरू झाला, कोरडा, शेवटी शीळ वाजल्यासारखा. आग असल्याशिवाय धूर निघतो का? मी विचारलं की आधी तुम्ही शपथा घ्यायचात. मग चिडायचात. मग म्हणायला लागलात, "तुझं तू ठरवलंयस ना, मग विचारतेस कशाला?" चोर तो चोर वर शिरजोर, असं मी मनात म्हणायची. एकदा मोठ्यानेही म्हणाले.

एक गोष्ट अजून मंजूला पुरती माहीत नाही. घराच्या अलीकडे नाल्यावरची पुलिया, तो छोटा पूल, आहे ना, तिथे तुम्ही रोज सायकल टेकवून दहा-पंधरा मिनिटं बसायचात. शेजारणीने सांगितलं. मी समजले, ओढून, वास उडवून मग घरी येताय. मी मंजूला दही आणायच्या निमित्ताने तिकडे पाठवलं, बघून यायला. ती येऊन म्हणाली, "आई, पापा बस बैठे थे. साँस ले रहे थे." "म्हणजे?" "मतलब साँस ले रहे थे यार, आई, और क्या!" मला वाटलं, बापाला सामील आहे. त्या पोरीवरही मी संशय घेतला.

दुकानातलं काम तुम्ही मला रंगवून सांगायचात, ते मात्र मी ऐकायची. कानपूरहून ट्रक आला की त्याच्या चाकाचा ड्रम, म्हणजे चाकासोबत फिरणारा लोखंडी डबा, इतका तापलेला असतो की पाण्याचा थेंब चर्रकन उडतो. ड्रमच्या आत दोन लोखंडी शू असतात, चंद्रकोरीसारखे. पायाखाली ब्रेक दाबला की ते फाकतात आणि फिरत्या ड्रमला आतून घासतात. शूवर लाइनिंग बसवलेली असते, जाड पट्टी, रिबिट म्हणजे बोथट खिळे मारून. लोखंडावर लोखंड घासलं तर ओरखडे जातील, म्हणून ही पट्टी. ताप सोसणारी. "भरलेला ट्रक थांबतो तो त्या चार बोटांच्या पट्टीच्या जिवावर," म्हणायचात, आणि तुमची छाती फुगायची. "प्रत्येक थांबण्याला ती थोडी थोडी झिजते. झिजली की आमच्याकडे येते. जुनी काढायची, नवी ठोकायची, मशीनवर घासून ड्रमच्या गोलाईला बसवायची."

मी एकदा पोळ्या लाटता लाटता विचारलं होतं, "आणि झिजलेलं जातं कुठे?"

तुम्ही हसलात. "जातंय कुठे! उडतं, दुसरं काय."

मी लगेच दुसऱ्या विषयावर गेले, मंजूच्या फीच्या. जगातल्या प्रत्येक गोष्टीत खोट काढणारी बाई मी, आणि नेमकं इथे थांबले नाही. तुमच्या भुवया राखाडी झालेल्या असायच्या. तुमचे शर्ट मी गच्चीवर झटकायची तेव्हा उन्हात धूळ तरंगायची, बादलीतलं पाणी काळं व्हायचं, आणि मी त्यात तंबाखूचा कण शोधायची.

त्या दवाखान्यानंतरही तुम्ही आठ महिने दुकानात गेलात. सिगरेट बंद करा, एवढंच सांगितलं होतं ना डॉक्टरांनी. जी नव्हतीच ती बंद काय करणार? पुढचं नको लिहायला. शेवटच्या आठवड्यात तुम्ही उशीला टेकून बसायचात, झोपता येत नव्हतं म्हणून, आणि तशातही मी विचारलं, "आता तरी खरं सांगा." तुम्ही डोळे मिटलेत. थकून मिटलेत की माझ्यामुळे मिटलेत, हे मला कोण सांगणार आता?

दहाव्या दिवशी शफ़ीक़ भाई आले. तुमच्या दुकानातले मशीनवाले. दोन मजले चढून आले आणि दारातच भिंतीला हात लावून उभे राहिले. मी पाणी आणायला वळले आणि पाठीमागे तो खोकला ऐकला. कोरडा, शेवटी शीळ.  अहो, मला क्षणभर तुम्हीच आलात असं वाटलं.

पण मी कोण? पाणी द्यायच्या आधी विचारलं, "आप भी पीते हैं?"

त्यांनी कान पकडले. "तौबा भाभीजी! हमने तो आज तक पान नहीं चबाया."

"आणि हे? सच बताइए. अब तो वो हैं नहीं, छुपाना किससे?"

 "भाईसाहब? वो तो कोई पास में सुलगा ले तो उठ जाते थे. कहते थे, बीवी को बू आ जाएगी, फिर पेशी होगी."

पेशी होगी! म्हणजे मी कोर्ट आणि तुम्ही आरोपी! तुम्ही दुकानात हे असं सांगत होतात. मी हसले, आणि मग मला हसू आवरेना आणि मग रडू आवरेना. तरी मनाच्या कोपऱ्यात किडा होताच. मित्र मित्राला झाकणारच. मी खोदून विचारलं. तर म्हणाले, रिबिट मारणारे एक जण दोन वर्षांपूर्वी असेच गेले, मालिक बोले टीबी थी. त्यांच्या आधी ड्रमवर पाइपने हवा मारणारा एक होता, तो गावी गेला आणि तिकडेच संपला. "हमें तो लगा, उम्र है." पन्नाशीतले सगळे! एका दुकानात इतकी माणसं एकाच शिळेने खोकतात आणि कोणाला काही वाटत नाही? माझ्यासारखी एक संशयी बाई तिथे असती तर!

चौदावा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले. सोळा वर्षांत पहिल्यांदा. मालकांनी खुर्ची दिली, "अरे भाभीजी, आप क्यों तकलीफ़" वगैरे. मी म्हटलं, काम चालू ठेवा, मला बघायचंय. ट्रकचा ड्रम उघडला होता. आत राखाडी भुकटी साचलेली. एकाने हवेचा पाइप आत घातला आणि सोडला. फस्सकन ढग उठला आणि दारातून येणाऱ्या उन्हात तो किती वेळ खाली बसेना. सगळे त्यातच उभे होते. कोणी तोंडाला रुमालही धरला नाही. ते पाइप मारत होते तिथेच तुमचा स्टूल होता, शफ़ीक़ भाईंनी दाखवला. मग त्यांनी नवी लाइनिंग मशीनला लावली. घर्रर्र आवाज झाला, पट्टी तापली आणि वास आला.

तोच वास, अहो. करपलेला, नाकाच्या मुळाशी बसणारा.

  सोळा वर्षं मी ज्याला सिगरेट म्हणत होते ते तुमचं काम होतं. बडीशेप कोरड्या घशासाठी होती. पुलियावर तुम्ही श्वास घेत होतात, पोरीने अगदी खरं सांगितलं होतं. माफ करा म्हणू? कोणत्या तोंडाने म्हणू? तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "हो गया, चल, चहा टाक." म्हणून तर तुमचा राग येतो मला. एकदा तरी हात धरून मला त्या दुकानात ओढत न्यायचंत! हा वास बघ, बये, म्हणायचंत. तुम्ही बोलणं सोडून दिलंत आणि मी त्यालाही पुरावा धरलं. चूक माझी जास्त आहे, पण थोडी तुमचीही आहे, हे मी लिहून ठेवते.

काल शफ़ीक़ भाईंना घेऊन त्याच दवाखान्यात गेले. ते येईनात, "अल्लाह मालिक है" म्हणत होते. मी म्हटलं, मालिक वरचा असो की दुकानाचा, मी कोणाच्या भरवशावर सोडणार नाही. या वेळी एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी सांगितलं, "ये ब्रेक की लाइनिंग का काम करते हैं. बीस साल. पहले ये लिखिए." त्यांनी पेन खाली ठेवलं आणि सगळं विचारलं, पाइपचं, मशीनचं, ढगाचं. म्हणाल्या, या पट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असतं, ज्याचे सिमेंटचे पत्रे छपराला घालतात ते. ताप सोसतं म्हणून घालतात. त्याची धूळ छातीत गेली की परत निघत नाही. शफ़ीक़ भाईंना एक्स-रे लिहून दिला आणि दुकानात जाणं आजपासून बंद म्हणाल्या.

मग मी पिशवीतून तुमचे एक्स-रे काढले. त्यांनी ते खिडकीशी धरून बराच वेळ पाहिले. "सिगरेट से ज़्यादा धूल का काम लगता है. पक्का अब कोई नहीं कह सकता." मी विचारलं, आधी कळलं असतं तर? त्या म्हणाल्या, "दवा तो यही रहती. काम छुड़वा देते." मी तुमच्या कागदावरची ती ओळ खोडायला सांगितली. जुना कागद बदलता येत नाही म्हणाल्या. मी वाद घातला नाही. त्यांचं काय चुकलं?

मी उठत होते, तर त्यांनी थांबवलं. "उनके कपड़े घर पर कौन धोता था?"

"मी... मैं."

"झटककर?"

मी मान डोलावली. त्यांनी नवा कागद ओढला आणि माझं नाव विचारलं. वय विचारलं. ती धूळ कपड्यांतून तुमच्याही छातीत गेली असेल, तुमचाही एक्स-रे काढू म्हणाल्या. मग खाली बघूनच विचारलं, "बीड़ी-सिगरेट?"

"नहीं," मी म्हटलं.

त्यांनी तसं लिहिलं. मान वर करून पाहिलंसुद्धा नाही, परत विचारलं नाही, माझ्या तोंडाचा वास घेतला नाही. माझ्या एका शब्दावर, अहो. मी तिथेच पदर तोंडात धरून रडले, आणि शफ़ीक़ भाई मला धीर देत राहिले की एक्स-रेला घाबरायचं काही कारण नाही.